मुलाचा फ्लॅट रिकामा करताना : प्रथमच मदतीला जाणाऱ्या आईवडिलांसाठी

पुण्यात भाड्याने राहणारा मुलगा एके संध्याकाळी फोन करतो, बंगळूरला नवी नोकरी लागल्याचे सांगतो, महिन्या-दीड महिन्यात फ्लॅट सोडायचा असल्याचे सांगतो आणि मग जरा थांबून विचारतो की आई-बाबा, तुम्ही चार दिवस येऊ शकाल का. आमच्या घरी असा फोन दोनदा आला, आधी थोरल्याचा आणि तीन वर्षांनी धाकट्याचा. थोरल्याच्या वेळी आम्ही दोघे सांगलीहून रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे बाणेरला पोहोचलो आणि चहा होताच स्वयंपाकघरातील डबे उतरवू लागलो. सामान दोन दिवसांत बांधून झाले, पण अनामत रकमेचा हिशेब, गॅसचे कागद आणि दुचाकीचा ना हरकत दाखला हे पुढे चार महिने निस्तरत बसावे लागले. धाकट्याच्या वेळी आम्ही क्रम उलटा केला, म्हणजे आधी कागद, मग सामानाची निवड, मग गाडी आणि सर्वांत शेवटी बांधाबांध. तोच क्रम येथे सविस्तर सांगत आहे. एसटीच्या कार्यशाळेत भांडारपाल म्हणून नोकरी केल्यामुळे नोंदवही आणि क्रमांक यांचे महत्त्व मला अनुभवाने पटलेले आहे, आणि पुढील मजकुरात ते वारंवार येईल.

निघण्यापूर्वी मनाशी ठरवण्याची गोष्ट

ते घर मुलाचे आहे. चार-पाच वर्षे त्याने ते एकट्याने चालवलेले असते, घरमालकांशी, शेजाऱ्यांशी आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याशी त्याचे स्वतःचे संबंध तयार झालेले असतात, आणि आपण तेथे केवळ हातभार लावायला जातो. काय न्यायचे, काय देऊन टाकायचे आणि मालकांशी कोणत्या शब्दांत बोलायचे हे त्यानेच ठरवले पाहिजे. हे मला प्रथम नीटसे उमगले नव्हते. थोरल्याच्या कपाटाच्या तळाशी काही विटलेले टी-शर्ट सापडले, तेव्हा माझ्या पत्नीने ते फाडून भांडी पुसायला घेतले आणि मीही त्याला दुजोरा दिला. त्यांत त्याच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा शर्ट होता. मुलगा काही बोलला नाही, पण संध्याकाळभर गप्प राहिला, आणि ते आम्हा दोघांना आजही सलते. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की बंद खण, बंद खोके, पलंगाशेजारचा कप्पा आणि लॅपटॉपची पिशवी यांना मुलानेच हात लावायचा. बाकीच्या ज्या वस्तूंबद्दल शंका असेल त्या एका पलंगावर वेगळ्या ठेवून रात्री जेवणानंतर एकत्रच त्याला विचाराव्यात, कारण दर पाच मिनिटांनी ‘हे काय करू रे’ असे विचारले की त्याचेही काम होत नाही आणि आपलेही होत नाही.

दीड महिना आधी : करार वाचून काढणे

हे काम घरबसल्या फोनवर करता येते, आणि प्रत्यक्ष जाण्यापेक्षाही त्याचे मोल अधिक आहे. पुण्यामुंबईत भाड्याचे घर बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर, साधारणतः अकरा महिन्यांसाठी दिले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. आता बहुतेक करार ऑनलाइन नोंदवले जातात, त्यामुळे मुलाच्या ई-मेलमध्ये त्याची प्रत असतेच. ती आपल्याला पाठवायला सांगावी आणि दोघांनी फोनवर बोलत बोलत एकत्र वाचावी.

वाचताना सर्वप्रथम कराराची अंतिम तारीख पाहावी. त्यानंतर नोटीस किती दिवसांची द्यायची आहे, ठरावीक काळापूर्वी घर सोडता येणार नाही अशी ‘लॉक-इन’ची अट आहे का, अनामत रक्कम नेमकी किती आहे व ती केव्हा परत करायची असे लिहिले आहे, आणि रंगकाम किंवा सफाईपोटी काही रक्कम कापण्याचे कलम आहे का, हे शोधावे. रक्कम कापण्याचे हे कलम अनेकदा शेवटच्या पानावर असते आणि घर घेताना त्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नसते. थोरल्याच्या करारात रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे वळते करण्याची अट होती. ती आम्हाला चावी देण्याच्या दिवशी कळली, आणि तोवर मी स्वतःच्या खर्चाने दोन खोल्या रंगवून घेतल्या होत्या.

अंतिम तारखेला एक वेगळे महत्त्व आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. नवीन शहरातले घर आठ दिवस उशिरा मिळणार असेल, तर ‘मालक चांगले आहेत, काही म्हणायचे नाहीत’ असे गृहीत धरून राहू नये. त्या आठ दिवसांचे भाडे किती हे ठरवून त्यांची लेखी संमती ई-मेलवर घ्यावी. अमावास्या किंवा पितृपक्ष मध्ये येत असल्यास घरातील वडीलधारी मंडळी तारीख पुढे ढकलायला सांगतात. त्यांचा मान राखायचा असेल तर जागा वेळेवर सोडून सामान दोन दिवस नातेवाइकांकडे ठेवावे, परंतु कराराची तारीख ओलांडू नये.

नोटीस मुलाने आपल्या नावाने द्यावी. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवले तरी ई-मेल अवश्य करावा आणि त्यात घर सोडण्याची तारीख, कराराचा नोंदणी क्रमांक, अनामत रकमेचा आकडा आणि ती ज्या बँक खात्यात हवी आहे त्याचा तपशील असावा. याच पत्रात भाड्याच्या पावत्या मागून घ्याव्यात. घरभाडे भत्त्यावर प्राप्तिकरात सवलत घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाचे भाडे एक लाख रुपयांहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. घर सोडल्यावर सहा महिन्यांनी पॅन मागायला फोन करणे दोघांनाही अवघड वाटते, म्हणून ते काम संबंध चालू असतानाच उरकावे.

फ्लॅटमध्ये मुलाबरोबर मित्र राहत असतील तर गुंता वाढतो. करारावर कोणाकोणाची नावे आहेत, अनामत कोणी किती भरली, आणि जाणाऱ्याची रक्कम मालक देणार की त्याच्या जागी येणारा नवीन मुलगा देणार, हे चौघांनी एकत्र बसून लिहून काढावे. एकत्र वर्गणीतून घेतलेला फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मिक्सर यांची आजची किंमत ठरवून जाणाऱ्याचा वाटा त्याला द्यावा किंवा त्याने तो सोडून द्यावा, पण जे ठरेल ते सर्वांच्या गटात लिहिलेले असावे. या बैठकीत आईवडिलांनी बसू नये. मुलांचे आपापसांतले हिशेब त्यांच्या पद्धतीने नीट होतात, आणि आपण बोललो की मैत्रीत कटुता येते.

सामानाची निवड

पुणे ते बंगळूर हे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर आहे आणि मालवाहतूकदार मुख्यतः ट्रकमध्ये किती जागा अडेल त्यावर भाडे ठरवतात. त्यामुळे जागा अडवणारी स्वस्त वस्तू नेणे बहुधा परवडत नाही. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे कपाट किंवा टेबल एकदा खोलून पुन्हा जोडले की त्याचे स्क्रू धरत नाहीत, म्हणून असे फर्निचर शक्यतो येथेच विकावे किंवा द्यावे. सागवानी पलंग, चांगली गादी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन न्यावे की नाही, हे वस्तूचे वय आणि वाहतुकीचा दर यांची तुलना करून ठरवावे. भाड्याने घेतलेले फर्निचर असेल तर संबंधित कंपनीला ते परत नेण्याची तारीख दोन-तीन आठवडे आधी कळवावी, कारण महिनाअखेरीस त्यांच्याही गाड्या मिळत नाहीत.

आमच्या पिढीचा स्वभाव असा की ‘राहू दे, आपण घरी नेऊ’ हे वाक्य सहज तोंडून निघते. थोरल्याच्या वेळी आम्ही या वाक्यापायी एक प्लास्टिकची खुर्ची, दोन बादल्या, एक मोडका पंखा आणि सात उशा सांगलीला आणल्या आणि त्यांतील एकही वस्तू पुढे वापरली नाही. धाकट्याच्या वेळी मी वहीत तीन रकाने आखले: बंगळूर, सांगली आणि येथेच देणे. सांगलीच्या रकान्यात दहापेक्षा अधिक वस्तू लिहायच्या नाहीत असे आधीच ठरवले होते. त्या दहांत त्याची शाळेपासूनची प्रमाणपत्रे, आजोबांचे घड्याळ आणि माझ्या आईचे नाव कोरलेली पितळी भांडी होती. आजी-आजोबांची नावे कोरलेली भांडी बहुतेक मराठी घरांतून मुलांच्या संसारात जातात आणि गर्दीत भंगारात जाण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक असतो, म्हणून स्वयंपाकघर आवरताना प्रत्येक भांड्याचा काठ एकदा पाहावा.

देण्याच्या वस्तूंबाबत घाई करू नये. घरकामाला येणाऱ्या ताईंना विचारावे, पण त्यांच्यावर नको असलेल्या वस्तूंचा भार टाकू नये. त्यांना खरोखर उपयोगी पडेल असे काय आहे हे त्यांनीच सांगावे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, आणि जुने कपडे, भांडी, मोठ्या वस्तू यांबाबत तिच्याकडे विचारणा करता येते. जुने चार्जर, तारा, बिघडलेले फोन आणि बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्याव्यात, आणि जुना लॅपटॉप किंवा हार्ड डिस्क देण्यापूर्वी त्यातील माहिती मुलाने पुसून टाकली आहे ना, याची खात्री करावी. कुंडीतली तुळस ट्रकमध्ये दोन-तीन दिवस बंद राहू शकत नाही, त्यामुळे शेजारच्या काकूंना ती देऊन पाणी घालण्याची विनंती करावी.

गाडी ठरवणे

गावातल्या गावात घर बदलायचे असेल तर छोटा हत्ती आणि दोन हमाल एवढ्यावर काम भागते. परराज्यात जायचे असेल तर किमान तीन वाहतूकदारांना घरी बोलावून सामान प्रत्यक्ष दाखवावे. फोनवर सांगितलेला दर कमी वाटतो आणि सामान भरल्यावर तो वाढतो. काही लबाड लोक सामान ताब्यात आल्यावर वाटेत गाडी थांबवून अधिक पैसे मागतात, आणि त्या क्षणी कुटुंब हतबल असते, कारण सगळा संसार त्यांच्या ट्रकमध्ये असतो. यापासून बचाव करायचा असेल तर ठरलेली एकूण रक्कम, तीत काय समाविष्ट आहे, सामान पोहोचवण्याची तारीख आणि पैसे देण्याचे टप्पे लेखी घ्यावेत. सर्व रक्कम आगाऊ कधीही देऊ नये, काही भाग सामान मोजून घेतल्यावरच द्यावा. वाहतूकदाराचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणी २७ ने आणि कर्नाटकातील २९ ने सुरू होते, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कोणत्या नावाने नोंदणी आहे ते दिसते. नाव जुळत नसेल तर तो वाहतूकदार सोडून द्यावा.

दरपत्रकातील दोन बाबींविषयी विशेष सावध राहावे. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन दाखला, याच्या नावाखाली पैसे मागितले जातात, परंतु वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. जकातीच्या नावाने काही मागितले तर तेही देऊ नये, कारण १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून महाराष्ट्रात जकात उरलेली नाही. विमा घ्यायचा असेल तर तो विमा कंपनीचा आहे की वाहतूकदाराने स्वतःच दिलेली हमी आहे, हे विचारावे आणि पॉलिसीचा कागद पाहावा. गाडी भरल्यावर बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) आणि सामानाची क्रमवार यादी दोघांच्या सहीने घ्यावी. वादाचा प्रसंग आलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्या वेळी हेच कागद कामी येतात.

सामान थोडे असल्यास ‘पार्ट लोड’ म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर पाठवणे स्वस्त पडते, पण ते पोहोचायला वेळ लागतो आणि वाटेत एका ट्रकमधून दुसऱ्यात चढउतार होऊ शकते. मुलाला रुजू होण्याची घाई असेल आणि काचेच्या वस्तू बऱ्याच असतील, तर थोडे अधिक पैसे देऊन स्वतंत्र गाडी करावी, असे माझे मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात गाडी बंद हौद्याची आहे का, आणि नसल्यास ताडपत्री कोणत्या अवस्थेत आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सामान चढवू देऊ नये.

बांधाबांध

वाहतूकदाराची माणसे सर्व बांधून देतात, तरीही पुस्तके, कपडे आणि स्वयंपाकघरातील बारीक वस्तू आपण आधी बांधल्या तर काम नीट होते आणि खर्चही वाचतो. खोकी एकाच आकाराची घेतल्यास ट्रकमध्ये थर चांगला बसतो. पुस्तके नेहमी लहान खोक्यांत भरावीत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की दोन माणसांनाही उचलत नाही आणि तळ फाटतो. औषधांच्या दुकानातून मिळणारी खोकी त्यासाठी योग्य असतात. जुन्या सुती साड्या आणि चादरी काचेच्या भांड्यांभोवती गुंडाळाव्यात, त्यामुळे बबल रॅप कमी लागतो आणि चादरीही आपोआप नेल्या जातात. ताटे व काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. उभ्या ठेवल्यास वरच्या बशांचा भार खालच्यांवर येत नाही.

प्रत्येक खोक्यावर वरच्या बाजूला नव्हे तर दोन शेजारच्या बाजूंना ठळक क्रमांक लिहावा, कारण खोकी एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. खोक्यावर आतल्या वस्तूंची नावे लिहू नयेत. ‘कॅमेरा’ किंवा ‘चांदीची भांडी’ असे लिहिणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होय. क्रमांक खोक्यावर, खोली आणि वस्तू वहीत, आणि वहीच्या पानाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये, एवढे केले की पुरे. उपकरणाचे स्क्रू, रिमोट आणि वायर त्याच उपकरणाला पिशवीत घालून चिकटवावेत.

फ्रिज किमान एक दिवस आधी बंद करून रिकामा करावा, दारे उघडी ठेवून आतले पाणी पुसावे, आणि तो उभाच न्यायला सांगावे. पोहोचल्यावर तो लगेच सुरू न करता काही तास तसाच उभा राहू द्यावा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हादरू नये म्हणून सुरुवातीला कंपनीचे बोल्ट दिलेले असतात. ते सापडत नसतील तर सेवा केंद्रातून आधीच मागवावेत, आणि नळीतले पाणी पूर्ण काढून टाकावे. एसी, गिझर आणि पाण्याचे शुद्धीकरण यंत्र तंत्रज्ञाकडूनच काढून घ्यावे. तंत्रज्ञाची वेळ गाडी येण्याच्या आदल्या दिवशीची ठरवावी, त्याच सकाळची नव्हे. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी होता कामा नये.

काही वस्तू ट्रकमध्ये कधीही देऊ नयेत. मूळ पदव्या, पासपोर्ट, आधार, पॅन, करार, धनादेश पुस्तिका, दागिने, लॅपटॉप आणि नेहमीची औषधे मुलाच्या स्वतःच्या पिशवीत असावीत. देव्हाऱ्यातील देवही माझ्या पत्नीने रेशमी वस्त्रात गुंडाळून त्याच्या हातात दिले. याखेरीज नव्या घरातील पहिल्या रात्रीसाठी एक वेगळी पिशवी भरावी. तीत एक चादर, उशी, टॉवेल, साबण, चार्जर, एक बल्ब, कात्री, चहा-साखर, एक पातेले, दोन पेले आणि टिकेल असा खाऊ असावा. आमच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि ट्रक एक दिवस उशिरा आल्याने त्यांचा पुरेपूर उपयोग झाला.

गॅस, वीज आणि दुचाकी

भरलेले किंवा रिकामे गॅस सिलिंडर सामानाच्या गाडीतून नेता येत नाही. जोडणी मुलाच्या नावावर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करावेत, मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेतल्याची पावती) व पासबुक सोबत न्यावे, आणि टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) घ्यावे. मूळ व्हाउचरवर नोंदलेली अनामत परत मिळते, आणि नव्या शहरात याच टर्मिनेशन व्हाउचरच्या आधारे नवी जोडणी घेता येते. हे व्हाउचर न घेतल्यामुळे थोरल्याला सर्व सोपस्कार पुन्हा करावे लागले. पाइप गॅस आणि वीज यांची जोडणी बहुधा मालकांच्या नावाने असते. तेथे दोन्ही मीटरचे शेवटच्या दिवशीचे आकडे मालकांसमक्ष फोटोत टिपावेत आणि त्या आकड्यांपर्यंतच्या वापराची अंदाजे रक्कम तेथेच ठरवून द्यावी. ‘पुढचे बिल आले की बघू’ असे ठेवल्यास अनामतही अडकून राहते. इंटरनेटचा राउटर परत दिल्याची पावती जपून ठेवावी.

दुचाकी रेल्वेने पार्सल करता येते. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते, नोंदणी पुस्तक व विम्याच्या प्रती आणि मुलाचे ओळखपत्र लागते, आणि स्थानकाबाहेर गोणपाटाचे वेष्टन करून देणारे असतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे असेल तर तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हवा असतो. हा अर्ज पुणे सोडण्यापूर्वीच करावा. त्याआधी थकलेले वाहतूक दंड भरावेत, आणि वाहनावर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र घ्यावे. नव्या राज्यात रस्ताकर भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या हिश्श्याचा परतावा मागता येतो, म्हणून कराची मूळ पावती फेकू नये. वाहनाला ‘बीएच’ म्हणजे देशभर चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेचा क्रमांक असेल तर ही पुनर्नोंदणी लागत नाही.

चावी देण्याचा दिवस

सोसायटीच्या कार्यालयात सामान हलवण्याची तारीख चार दिवस आधी कळवावी. काही ठिकाणी मालकांचे पत्र लागते, लिफ्टची वेळ ठरवून दिलेली असते, आणि रविवारी परवानगी नसते. गाडी सकाळी लवकर बोलवावी, म्हणजे दुपारनंतर रिकामे घर झाडून-पुसून घेण्यास उजेड राहतो. आम्ही भिंतीतले खिळे काढून छिद्रे पुट्टीने बुजवली, जळालेले दोन बल्ब बदलले, स्वयंपाकाचा ओटा घासला आणि न्हाणीघरातील जाळ्या साफ केल्या. या कामांना हजार रुपयेही लागले नाहीत, आणि मालकीणबाई घर पाहायला आल्या तेव्हा कापाकापीचा विषयच निघाला नाही.

रिकाम्या घराचे दाराच्या आतून सुरुवात करून प्रत्येक खोलीचे सलग चित्रण करावे. नळ, पंखे व दिवे सुरू करून दाखवावेत. घर घेतानाचे फोटो मुलाकडे असतील तर ते सोबत ठेवावेत. पाच वर्षांच्या वापराने रंग फिका पडणे किंवा फरशीची चमक जाणे ही सामान्य झीज आहे आणि तिच्यासाठी रक्कम कापणे योग्य नाही, तर फुटलेले बेसिन किंवा जळालेला ओटा ही भरपाईची बाब आहे. हा फरक मुलाने शांतपणे मांडावा. वडिलांनी आवाज चढवला की मालकही अडून बसतात, आणि पुढे मुलाचे ऐकून घेतले जात नाही.

अनामत रक्कम आणि चावी यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत व्हावी, असा आग्रह नम्रपणे पण ठामपणे धरावा. रक्कम मोठी असल्याने ती बँकेतून खात्यावर घ्यावी आणि जमा झाल्याचा संदेश येईपर्यंत बसून राहावे. मालक परगावी असतील तर ते कोणाकडे चावी द्यायला सांगतात आणि रक्कम कोणत्या तारखेला देणार आहेत, हे ई-मेलवर घ्यावे. त्याच वेळी एक साधी ताबा पावती करावी. तीत तारीख, दिलेल्या चाव्यांची व प्रवेशपत्रांची संख्या, मीटरचे आकडे, परत मिळालेली रक्कम, कापलेली रक्कम व तिचे कारण, आणि आता कोणाचेही काही येणे-देणे उरले नाही असे वाक्य, एवढे असावे व खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. वाहनावरचे सोसायटीचे स्टिकर काढून परत द्यावे, आणि दूध, वर्तमानपत्र, डबा व घरकाम यांचे पैसे चुकते करावेत. पहारेकऱ्यांचा निरोप मुलाने स्वतः घ्यावा.

येथे नवख्या पालकांच्या लक्षात न येणारी एक पैशांची अडचण आहे. नव्या घराची अनामत आधी द्यावी लागते आणि जुनी नंतर मिळते. बंगळूरमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची जुनी रीत आहे, आणि ती आता अनेक ठिकाणी कमी झाली असली तरी पुण्यापेक्षा मागणी मोठीच असते. मधल्या काही आठवड्यांसाठी आपल्याकडून हातउसने पैसे देता येत असतील, तर मुलाने मागण्याआधी विचारून घ्यावे. कमावत्या मुलाला वडिलांकडे मागायला संकोच वाटतो.

गेल्यानंतरचे पंधरा दिवस

सामान उतरवताना वहीतील क्रमांकांवर एकेक खूण करावी आणि खोके फुटलेले किंवा भिजलेले दिसल्यास पोच देण्यापूर्वी त्याच कागदावर तसा शेरा लिहावा. बँक, विमा, कार्यालय आणि गुंतवणूक यांवरील पत्ते बदलायचे असतात, आधारचा पत्ता योग्य पुराव्यासह ऑनलाइन बदलता येतो, आणि मतदारयादीतील स्थलांतरासाठी आता नमुना ८ भरावा लागतो. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमधला जुना पत्ता मात्र पहिल्याच दिवशी पुसावा. धाकट्याचे पहिल्या आठवड्यातले दोन पार्सल बाणेरच्या रिकाम्या फ्लॅटवर गेले आणि ते शेजारच्या काकूंनी ठेवून घेतले.

चौथ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. डाळ धुऊन कुकरमध्ये घातली आहे, पण शिट्टी कोठेच सापडत नाही. मी वही उघडली. खोके क्रमांक १४, चहाच्या जुन्या डब्यात, रबरासह.